सात मजली कोऱ्या भिंतीवर भित्तिचित्र काढू द्यावे का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मथळा हे लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

सातवा मजला

आमची गृहनिर्माण संस्था ठाण्यात आहे. तळमजला अधिक सात मजले, दोन विंग, बांधकाम १९८९ सालचे. पश्चिमेकडच्या भूखंडावर तेवढीच उंच इमारत खेटून उभी राहणार, या हिशेबाने त्या बाजूला खिडक्या ठेवलेल्याच नाहीत. पुढे तो भूखंड रस्तारुंदीत गेला, इमारत आलीच नाही, आणि सत्तर फूट उंच व चाळीस फूट रुंद अशी एक कोरी भिंत उड्डाणपुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर कायमची उघडी पडली.

गेल्या महिन्यात तरुण चित्रकारांचा एक गट या भिंतीवर भित्तिचित्र काढण्याचा प्रस्ताव घेऊन आला. चित्रकार मानधन घेणार नाहीत, रंग एक कंपनी विनामूल्य देणार आहे, परांचीचा आणि कामगारांच्या विम्याचा खर्च संस्थेने करावा अशी अपेक्षा आहे, आणि तळाशी उजव्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह राहील. प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवला तेव्हा पहिली पंचेचाळीस मिनिटे चित्राचा विषय कोणता असावा यावरच गेली. एका ज्येष्ठ सभासदांनी 'भिंतच आहे, तर ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंतच काढा' असे सुचवले. हशा पिकला, पण त्यांचा आग्रह गंभीर होता. दुसऱ्या बाजूला फुलपाखरे हवी होती. भिंत चित्र पेलण्याच्या स्थितीत आहे का, चित्र कोणाच्या मालकीचे राहील, पाच वर्षांनी रंग उडाला तर पुढे काय, हे प्रश्न मी सचिव या नात्याने मांडले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि मंडळी दारात चपला शोधत होती.

ज्यांना अशा कामाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. चित्र सुंदर दिसेल की नाही, यापेक्षा होकार देण्यापूर्वी काय तपासायला हवे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

जुना गिलावा

इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे चित्राबद्दल मी काही बोलणार नाही; भिंतीबद्दल बोलतो.

आधी भिंत वाजवून पाहा. लहान हातोडी घेऊन झुल्यावरून खाली येत दर दीड फुटावर टकटक करायची. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटला असेल तर बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ मारत गेले की संध्याकाळपर्यंत भिंतीवर एक नकाशा तयार होतो, आणि तुमच्या इमारतीच्या वयाच्या पश्चिममुखी भिंतीवरचा तो नकाशा पाहिल्यावर सहसा त्या दिवशी तरी कोणी चित्राचा विषय काढत नाही. खांबांच्या रेषेत उभ्या भेगा असतील तर आतली सळई गंजली आहे असे समजावे. लोखंड गंजले की फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. त्यावर कितीही महागडा रंग लावला तरी तो दोन पावसाळ्यांत पोपड्यांसकट खाली येतो.

गिलावा नवा केला तर किमान अठ्ठावीस दिवस त्याला हात लावू नये. ताज्या सिमेंटमधला क्षार रंगद्रव्य जाळतो आणि पांढरा फुलोरा होऊन रंगाच्या थरातून बाहेर पडतो. चित्रकारांना घाई असते, प्रायोजकांना त्याहून जास्त असते, पण सिमेंटला नसते. रंगांचेही स्वभाव वेगळे आहेत. गेरू, पिवडी यांसारखे लोहाचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. भडक लाल, गुलाबी आणि लिंबासारखे पिवळे हे बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर तेच आधी विटतात. गडद निळा किंवा काळा मोठ्या पट्ट्यात लावला तर दुपारी भिंत तापते, पहाटे निवते, आणि या रोजच्या ताणाने केसासारख्या भेगा पडतात.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत कोणीतरी हातोडी घेऊन पुन्हा त्याच भिंतीवर चढणार आहे. त्या वेळी चित्राच्या गालावर बद्द आवाज आला तर गाल फोडायची तयारी आहे का, हे आज विचारून घ्या.

परांची

जुना गिलावा यांच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त काढणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. मी सुरुवातीची बारा वर्षे सिनेमाची मोठी पोस्टरे हाताने रंगवत होतो, पुढे छपाईचे फ्लेक्स आल्यावर ते काम संपले आणि भिंतींकडे वळलो.

लोकांना वाटते की एवढे मोठे चित्र काढणे म्हणजे लहान चित्र मोठे करणे. कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट असे चौकोन आखून हे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. हल्ली काही जण चौकोनांऐवजी आधी संपूर्ण भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा काढतात, तिचा फोटो घेतात आणि त्या फोटोवर चित्र बसवून कोणती रेघ कोणत्या खुणेजवळून जाते ते मोबाइलवर पाहत रंगवतात. पद्धत कोणतीही असो, भिंतीपासून दोन फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला चित्र दिसतच नाही. एका पाच मजली भिंतीवर मी एका म्हातारीचा चेहरा करत होतो. तिच्या डोळ्यातले बुबुळ माझ्या उंचीएवढे होते. त्यात उजेडाचा पांढरा ठिपका नेमका कुठे द्यायचा, हे ठरवायला मी त्या दिवशी परांचीवरून उतरून, रस्ता ओलांडून, समोरच्या पानाच्या ठेल्यापाशी उभा राहून वर पाहिले आणि पुन्हा चढलो, असे चौदा वेळा केले. ठेलेवाल्याने शेवटी सांगितले, 'थोडा डावीकडे घ्या.' त्याचे बरोबर होते.

खालून पाहणाऱ्याला वरचा भाग आखूड दिसतो, म्हणून कपाळ मुद्दाम लांबवावे लागते; उड्डाणपुलावरून समोरासमोर पाहणाऱ्याला तेच कपाळ मग विचित्र दिसते. तुमच्या भिंतीला दोन्ही प्रकारचे प्रेक्षक आहेत, तेव्हा चित्रकारांनी कोणती नजर धरली आहे ते त्यांना विचारा. उत्तर लगेच आले नाही, तर त्यांनी अजून जागेवर पुरेसा वेळ घालवलेला नाही असे समजा. काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवावे. आणि परांची बांबूची असो वा लोखंडी, दोराला कमरपट्टा अडकवल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नका, तो कितीही नावाजलेला कलाकार असला तरी.

विषयाबद्दल एकच सांगतो. संत, देव किंवा पुढारी यांचे चेहरे घरांच्या भिंतीवर शक्यतो टाळा. वांद्र्याला टेलिफोन खात्याच्या इमारतीवर २०१४ साली रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके काढले, शंभर फुटांहून उंच, आणि ते काम मला मनापासून आवडते. पण ती कचेरी आहे. तुमच्याकडे उद्या सांडपाण्याचा पाइप बदलायचा झाला आणि तो माउलींच्या छातीवरून न्यावा लागला, तर तुम्ही तो नेणार नाही. पाइप गळत राहील.

समोरची खिडकी

या चर्चेत ज्यांच्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही, त्यांच्यातर्फे मी लिहिते. मी अशाच एका भित्तिचित्राच्या समोर गेली सहा वर्षे राहते.

ज्या इमारतीवर चित्र असते तिथल्या रहिवाशांना ते कधीच दिसत नाही. ते त्याच्या मागे राहतात. चित्र बघायचे असते ते समोरच्यांनी, सकाळी दात घासताना, दुपारी ताट वाढताना, आजारी माणसाच्या उशाशी बसताना. आमच्या समोर एक प्रचंड मासा आहे. पहिल्या वर्षी पाहुण्यांना मी कौतुकाने गच्चीवर नेऊन दाखवत असे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या माशाचा फक्त डोळा येतो, बाकी काही नाही. पहिल्या पावसाळ्यात त्या डोळ्याखाली शेवाळाचा एक काळा ओघळ उतरला, तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत तो मासा रडतो आहे असे दिसू लागले, आणि आता पापणीच्या जागचा पोपडा गेल्यामुळे खालचा जुना फिकट हिरवा रंग दिसतो. त्या संस्थेला फोन केला तर ते चित्रकारांकडे बोट दाखवतात, चित्रकार म्हणतात की आमचे काम लोकार्पणाच्या दिवशी संपले, आणि प्रायोजकाचे बोधचिन्ह तेवढे अजून ठळक आहे, कारण ते झाडाच्या सावलीत येते.

दिल्लीच्या लोधी कॉलनीचे उदाहरण अशा वेळी नेहमी दिले जाते. तिथे पन्नासहून अधिक भित्तिचित्रे आहेत आणि ती पाहायला लोक मुद्दाम जातात, हे खरे आहे. परंतु ती स्वातंत्र्यापूर्वी बांधलेली कमी उंचीची, रुंद, कमानींची सरकारी निवासस्थाने आहेत, चित्रे माणसाच्या उंचीपासून सुरू होतात, मधल्या रस्त्यांवर झाडे आहेत, आणि सगळ्या भिंतींचा मालक एकच आहे. चेन्नईच्या कण्णगी नगर या पुनर्वसन वसाहतीतही तसेच. मालकी सरकारी मंडळाची. तुमच्याकडे छप्पन्न मालक असतील आणि प्रेक्षक भलतेच.

माझी सूचना एवढीच आहे की समोरच्या इमारतीला विचारा. परवानगी म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून.

सातवा मजला

समोरची खिडकी, आपल्या प्रतिसादाने मी अवाक झालो. आमच्या भिंतीसमोर, सेवारस्त्याच्या पलीकडे, एक चार मजली इमारत आहे आणि तिच्या जवळपास प्रत्येक घराची बैठकीची खोली आमच्याकडे तोंड करून आहे. संपूर्ण प्रस्तावात, आमच्या तीन बैठकांत आणि माझ्या स्वतःच्या टिपणात त्या इमारतीचा उल्लेख एकदाही आलेला नाही. (आमच्याकडे छप्पन्न नव्हे, बावन्न सदनिका आहेत, अंदाज फारच जवळचा निघाला.)

उठाव

रंगच का हवा? मुंबईत फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर १९३६ पासून ना. ग. पानसरे यांची उठावशिल्पे आहेत. ती विटत नाहीत आणि त्यांच्यामुळे कोणाच्या स्वयंपाकघरात डोळा येत नाही.

जुना गिलावा

उठाव, ती इमारत आराखड्याच्या कागदावर असल्यापासून ती शिल्पे तिच्यात धरलेली होती. पस्तीस वर्षांच्या विटेच्या भिंतीवर मागाहून वजन टांगायला मी तरी सही देणार नाही.

रोनकाठी

मी नोकरीच्या निमित्ताने फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहतो आणि तिथल्या एका वसाहतीचे उदाहरण या धाग्याला इतके लागू पडते की थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा घेतो.

शहराच्या आठव्या प्रभागात 'एताझ्युनी', म्हणजे 'संयुक्त संस्थाने', या नावाची भाडेकरूंची वसाहत आहे. टोनी गार्निए या वास्तुविशारदाने महापौर एदुआर एरियो यांच्या काळात ती कामगार आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आखली आणि १९३४ पर्यंत ती बांधून पूर्ण झाली. सुमारे दीड हजार घरे, मध्ये झाडे, आणि प्रत्येक इमारतीच्या टोकाला तुमच्यासारखीच बिनखिडक्यांची उंच भिंत. पन्नास वर्षांत वसाहतीची रया गेली. १९८० च्या दशकात दुरुस्तीची योजना आली तेव्हा भाडेकरूंच्या समितीने असा आग्रह धरला की नुसता रंग मारून जाऊ नका, ज्याने ही घरे आखली त्याची आठवण या भिंतींवर राहू द्या. सितेक्रेआसिओं या भित्तिचित्रकारांच्या सहकारी गटाने मग गार्निएच्या 'औद्योगिक नगरी'च्या कागदावरच राहिलेल्या रेखाटनांची आणि त्याने शहरात बांधलेल्या इमारतींची चित्रे या भिंतींवर उतरवली. आज तिथे सुमारे २५ भित्तिचित्रे आहेत, प्रत्येक साधारण २३० चौरस मीटरचे, म्हणजे तुमच्या भिंतीएवढेच जवळजवळ. १९९१ साली युनेस्कोने सांस्कृतिक विकासाच्या जागतिक दशकात या प्रकल्पाची दखल घेतली. लोक तिथे आजही राहतात; दोरीवर कपडे वाळत असतात आणि खालून मार्गदर्शकाबरोबर पाहुण्यांचा घोळका जात असतो. १९३० च्या दशकातले एक घर जुन्या सामानासकट पाहण्यासाठी राखून ठेवले आहे.

यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. मागणी राहणाऱ्यांकडून आली. चित्रकार भिंत शोधत आले नव्हते. आणि दुरुस्ती आधी झाली, चित्र नंतर. जुना गिलावा ऐकत असतील तर त्यांना बरे वाटेल.

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. गार्निएच्या चित्रांखेरीज सहा भिंती सहा देशांच्या चित्रकारांना दिल्या गेल्या, प्रत्येकाने आपल्या कल्पनेतली आदर्श नगरी काढायची होती. इजिप्त, मेक्सिको, आयव्हरी कोस्ट, रशिया, अमेरिका आणि भारत. भारताची भिंत आहे शांताराम तुंबडा यांची. आपल्या डहाणू-पालघरच्या परंपरेतली वारली चित्रे ल्योंच्या सरकारी भाड्याच्या घरांवर आहेत, आणि मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ट्रामने जायचे विसरून तिथेच उभा राहिलो होतो.

याच शहरात क्रोआ-रूस टेकडीवर 'कान्यूंची भिंत' आहे. कान्यू म्हणजे तिथले रेशीम विणणारे. बाराशे चौरस मीटरच्या भिंतीवर पायऱ्या, दुकाने, खिडक्या आणि चढावाचा रस्ता अशा बेमालूमपणे काढल्या आहेत की जवळ जाईपर्यंत भिंत आहे हे कळत नाही. हे चित्र १९८७ चे. १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये ते नव्याने रंगवले गेले, आणि दर वेळी चित्रातला मोहल्ला त्या वर्षीच्या खऱ्या मोहल्ल्याशी जुळवून घेतला गेला. चित्रातली माणसेही त्या-त्या वेळी वयाने वाढवली. पाच वर्षांनी काय, या धागाकर्त्यांच्या प्रश्नाला तिथे असे उत्तर मिळाले आहे: चित्र जपून ठेवायचे नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा काढायचे.

तारपा

रोनकाठी, शांताराम तुंबडा यांचा उल्लेख केल्याबद्दल आभार. मी डहाणू तालुक्यात शिक्षिका आहे, त्यामुळे मला राहवत नाही म्हणून लिहिते.

वारली चित्र मुळात भिंतीचेच आहे. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा हात फिरवून सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आमच्याकडे चौक 'लिहितात', काढत नाहीत. बांबूची काडी टोकाला ठेचून तिची कुंचली करतात. मध्ये पालघट देवी असते. चौक लिहिला जात असताना धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. लग्न पार पडले की त्या चौकाची राखण कोणी करत नाही. धूर बसतो, पावसाची झड लागते, पुढच्या कार्याला भिंत पुन्हा सारवली जाते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कार्यापलीकडे, कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. तेव्हापासून शहरातल्या लोकांना वारली चित्र म्हणजे टिकणारी, चौकटीत बसवण्याची वस्तू वाटू लागली आहे.

माशाच्या डोळ्याबद्दल वाचले आणि वाटले की तिथे चूक शेवाळाची नाही. ज्या चित्राला किती दिवस जगायचे ते ठरवून दिलेले नसते, त्याचे असे हाल होतात.

एक विनंती आहे. तुमच्या सभेत उद्या कोणीतरी नक्की म्हणेल की 'मग वारलीच काढू, स्वस्तात होईल, रंगारी छाप मारून देईल.' तसे कृपया करू नका. हवे असेल तर पाड्यावरच्या चित्रकारांना बोलवा, जाण्यायेण्याचा खर्च आणि योग्य मानधन द्या, आणि खाली त्यांचे नाव लिहा. गेरू उन्हाला दाद देत नाही, हे जुना गिलावा यांनी लिहिलेच आहे. आमच्या आज्यांना ते ठाऊक होते.

उपविधी

कायद्याच्या अंगाने काही मुद्दे. मी सहकारी संस्थांचे काम पाहतो. हा औपचारिक सल्ला नव्हे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले गेले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटची प्रथम मालकी चित्र काढायला सांगणाऱ्याची असते. तुमच्या प्रस्तावात संस्था मोबदला देत नाही, रंग तिसराच देतो. म्हणजे भिंत तुमची आणि तिच्यावरच्या चित्राचा कॉपीराइट त्यांचा, अशी स्थिती राहील. उद्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर भिंतीचा फोटो छापायचा झाला तरी विचारावे लागेल. फुकट मिळालेल्या चित्रावर विकत घेतलेल्या चित्रापेक्षा तुमचा अधिकार कमी असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

त्यापेक्षा नाजूक बाब कलम ५७ ची आहे. कॉपीराइट कोणाकडेही गेला, तरी आपल्या कलाकृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन आपल्या प्रतिष्ठेला धक्का बसत असेल तर निर्मात्याला दाद मागता येते. अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच, १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी उतरवून गोदामात टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई मंजूर केली. मालक होते भारत सरकार. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाच्या जुन्या कारखान्याच्या भिंती २०१३ मध्ये मालकाने पांढऱ्या रंगाने पुसून टाकल्या. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी २१ कलाकारांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलर देण्याचा निकाल दिला आणि २०२० मध्ये तो अपिलातही टिकला. त्या जागेवर आता उंच निवासी मनोरे आहेत. तिथला कायदा निराळा आहे, पण मालकाने नोटीस देऊन, थोडे थांबून काम केले असते तर प्रकरण त्या थराला गेले नसते, एवढे आपल्यालाही घेण्यासारखे आहे.

म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या: संरचनात्मक दुरुस्तीसाठी चित्राचा कोणताही भाग फोडण्याचा संस्थेचा अधिकार, चित्राची ठरलेली मुदत, समजा सहा वर्षे, आणि त्यानंतर पुन्हा रंगवायचे की पुसायचे याचा निर्णय, पुसण्यापूर्वी चित्रकारांना नव्वद दिवसांची लेखी सूचना. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. कार्यकारिणीच्या सह्यांवर भागणार नाही.

बोधचिन्हाविषयी सावध राहा. रस्त्यावरून दिसणारे कंपनीचे चिन्ह भिंतीवर आले की ते जाहिरात ठरू शकते, आणि मग महापालिकेचा आकाशचिन्हे व जाहिरातींचा परवाना, त्याचे शुल्क, नूतनीकरण हे सगळे संस्थेच्या मागे लागते. चित्रकारांची नावे ठेवा, चिन्ह काढा.

परांची

चिन्ह काढले तर रंग फुकट मिळणार नाही, हे गृहीत धरा. पण मी अनुभवाने सांगतो, एवढ्या भिंतीवर रंगाचा खर्च परांचीच्या खर्चापेक्षा कमीच येतो. दुरुस्तीसाठी परांची उभी राहणारच आहे. तीच महिनाभर जास्त ठेवून घ्या, म्हणजे चित्रासाठी वेगळी बांधावी लागणार नाही. कंपनी तुम्हाला जे फुकट देते आहे ते या हिशेबात किरकोळ आहे.

सातवा मजला

सर्वांचे आभार. एप्रिलमधल्या विशेष सर्वसाधारण सभेत मी या धाग्यातले मुद्दे छापून वाटले. ठराव असा झाला: प्रथम भिंतीची तपासणी आणि दुरुस्ती, बोधचिन्ह नाही, सहा वर्षांची मुदत, संत, देव, पुढारी नाहीत. शेवटच्या अटीवर आमचे ज्येष्ठ सभासद नाराज झाले, परंतु परांची यांचे पाइपाचे उदाहरण वाचून दाखवल्यावर त्यांनी हात वर केला. चित्रकारांच्या गटापैकी दोघांनी या अटींवर काम करणार नाही असे कळवले, तिघे थांबले. थांबलेल्या तिघांना मानधन द्यायचे ठरले आहे.

जुना गिलावा यांच्या सांगण्यावरून हातोडीने भिंत वाजवून घेतली. खडूच्या रेघांनी जवळपास तिसरा हिस्सा भिंत भरली. तिचा फोटो सभेत दाखवल्यावर एका सभासदांनी विचारले, 'हे कच्चे चित्र का?'

चित्रकारांनी स्वतःहून एक गोष्ट सुचवली, ती मला फार पटली. तळाशी सहा फूट बाय सहा फुटांचा एक तुकडा तयार करून त्यावर त्यांच्या आराखड्यातले पाच रंग पट्ट्यांनी लावायचे आणि संपूर्ण पावसाळा तो तसाच ठेवायचा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते काम झाले.

समोरची खिडकी

आणि समोरची इमारत?

सातवा मजला

पत्र दिले आहे. अजून उत्तर नाही.

सातवा मजला

ऑक्टोबर. ज्यांनी व्यक्तिगत संदेश पाठवून विचारणा केली त्यांच्यासाठी इथेच लिहितो.

चाचणीच्या तुकड्यावरचे गेरू, पिवडी आणि पांढरा हे तीन पट्टे जसेच्या तसे आहेत. गुलाबी पट्टा पाच महिन्यांत किंचित उतरला आहे; मे महिन्यातल्या फोटोशेजारी धरल्यावरच कळते, पण कळते. गडद निळ्यावर मात्र डाव्या बाजूला पावलीएवढे फोड आले, मग ते एकमेकांत मिसळले, आणि ऑगस्टमध्ये तळहाताएवढा पोपडा गळून पडला. चित्रकारांचा समज असा झाला की निळा रंगच खराब निघाला. जुना गिलावा यांना फोटो पाठवला, तर त्यांनी उत्तरात फक्त 'त्या भिंतीच्या आतल्या बाजूला काय आहे?' एवढेच विचारले.

आतल्या बाजूला पहिल्या मजल्यावरचे न्हाणीघर आहे. भिंतीत दाबलेल्या जुन्या नळाचा सांधा गळत होता आणि पाणी गिलाव्यातून वाट काढत खाली, नेमके निळ्या पट्ट्यामागे येत होते. निळा नसता तर ते आणखी कित्येक महिने कोणाला दिसले नसते. सदनिका आमच्या ज्ञानेश्वरांच्या भिंतीचा आग्रह धरणाऱ्या सभासदांचीच आहे. त्यांनी फरशी उकरायला परवानगी दिली आहे, प्लंबर सोमवारी येतो, आणि परांचीचे बांबू दिवाळीनंतर लागतील.

समोरच्या इमारतीचे उत्तर काल आले. त्यांच्या सभेत ते पत्र वाचले गेले असे सचिवांनी लिहिले आहे. चित्राला त्यांची हरकत नाही. फक्त रात्री त्यावर दिवे लावू नयेत आणि चित्रात कोठेही डोळा असू नये, अशी त्यांची विनंती आहे.